हत्तीला घाबरलेली आई



पोटुशी बाईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं आपण किती सहज बोलून जातो. आज आम्ही विलायतेतल्या एका मायलेकाची गोष्ट सांगणार आहोत. तिथंही असंच बोललं गेलं होतं.

१८६२ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जोसेफ मेरिक जन्मला. लहानपणीच त्याची कातडी जाड होऊ लागली, डोक्याचं हाड वाढू लागलं. उजवा हात अवजड झाला, डावा मात्र नाजूकच राहिला. घरच्यांनी कारण काढलं, गरोदरपणी आई जत्रेतल्या हत्तीला घाबरली होती! जोसेफलाही तेच खरं वाटायचं. तो दहा वर्षांचा असताना त्याची आई मेरी जेन वारली. पुढं तो सिगार वळायच्या कामाला लागला. पण हात इतका जड झाला की तेही सुटलं. १८७९ साली त्यानं गोरगरिबांसाठीच्या कामघराचा आसरा घेतला.

त्याच्या वरच्या जबड्यातून सोंडेसारखं मांस वाढलं होतं. धड खाता येईना, बोललेलं कुणाला कळेना. कामघराच्या दवाखान्यात ते कापून काढलं. पण बाकीची वाढ थांबली नाही. मग पोटासाठी १८८४ साली तो स्वतःच खेळवाल्यांकडे गेला. लोक पैसे देऊन 'हत्तीमाणूस' बघू लागले. लंडनमधल्या अशाच एका दुकानात सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी त्याला पाहिलं.

१८८६ साली परदेशात त्याची पुंजी लुटली गेली. तो कसाबसा लंडनला परतला. स्टेशनवर गर्दीनं घेरलं, तेव्हा त्याच्याजवळ ट्रीव्ह्ज यांचं कार्ड सापडलं आणि त्याला लंडन हॉस्पिटलमध्ये नेलं. बरं न होणाऱ्या रोग्याला तिथं कायम ठेवत नसत. हॉस्पिटलच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले आणि त्याला कायमची खोली मिळाली. ट्रीव्ह्ज यांच्याकडे त्या वाढीवर इलाज नव्हता. पण रोजची आंघोळ, स्वच्छ बिछाना आणि बोलायला माणूस मिळालं. एका तरुण विधवेनं हसून त्याचा हात हातात घेतला, तेव्हा तो हुंदके देऊन रडला, असं ट्रीव्ह्ज यांनी लिहून ठेवलंय.

डोकं जड म्हणून तो बसूनच झोपायचा. ११ एप्रिल १८९० रोजी तो बिछान्यावर आडवा, मरण पावलेला आढळला. वय अवघं २७.

अशा आजाराला १९८३ साली 'प्रोटियस' हे नाव मिळालं. जोसेफला हाच आजार असावा, असं १९८६ साली कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी मांडलं. २०११ साली त्याचं कारण सापडलं. गर्भ राहिल्यानंतर वाढत्या गर्भातल्या एखाद्या पेशीत चूक होते. त्या पेशीपासून जेवढं अंग बनतं, तेवढंच भलतं वाढतं. म्हणून एक हात असा, दुसरा तसा. ही चूक आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. मग हत्तीचा आणि ग्रहणाचा काय संबंध?

आज शस्त्रक्रिया होते, पण एकदाच कापलं की संपलं, असं नाही. वाढ पुन्हा येऊ शकते. एक पाय लांब होत असेल, तर त्याच्या हाडाची वाढ वेळीच थांबवून दुसऱ्याला गाठू देतात. या रोग्यांच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून ऑपरेशनआधी त्याचीही तयारी करावी लागते. भूल देणारे डॉक्टर मान, जबडा आणि छाती आधी तपासतात. हाडांचे, रक्ताचे, भुलीचे, सगळे डॉक्टर मिळून ठरवतात.

मैत्रिणींनो, असा आजार दहा लाखांत एखाद्यालाही क्वचितच होतो. पण वेगळं दिसणारं लेकरू आणि बोल लागलेली आई प्रत्येक गावात असते. अंगणवाडीत, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा ते लेकरू घरात लपवलेलं नसावं. आणि त्याच्या आईला 'तू काय केलं होतंस?' असं विचारण्याआधी आपण मेरी जेनची आठवण काढू या.