पावसाचे इंच आणि पावसाचे दिवस

इतिहासाच्या तासाला १८७६ चा दुष्काळ आला की मी फळ्यावर तीन शब्द लिहीत असे : 'पाऊस पडला नाही'. पंचवीस वर्षे लिहीत आलो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात अथणीकडून आलेल्या एका मुलीने हात वर केला. "सर, अजिबात पडला नाही, की पाहिजे तेव्हा पडला नाही?" शेतकऱ्याच्या घरातली पोर ती. मला चटकन उत्तर देता आले नाही. दिवाळीच्या सुट्टीत १८८४ साली छापलेले बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर घेऊन बसलो आणि ध्यानात आले, की पोरीचा प्रश्न माझ्या फळ्यावरच्या वाक्यापेक्षा शहाणा होता.

आपल्या भागाची पावसाची रचनाच मोठी विलक्षण आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या घरात येतो आणि अथणीला पोहोचेपर्यंत सहाशेही भरत नाही. सकाळी आंबोलीहून इरले घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी अथणीत धुळीने माखून उतरावा, असा हा प्रवास. या साऱ्याची एक सरासरी काढून 'जिल्ह्याचा पाऊस' म्हणून सांगणे म्हणजे एका भावाच्या पानात पुरणपोळी, दुसऱ्याच्या पानात पाणी, आणि दोघेही सरासरीने अर्धपोटी जेवले असे म्हणण्यासारखे आहे.

१८७६ साली काय घडले? सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा का होईना, पडला होता. पेरण्या झाल्या होत्या. पण सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ आलाच नाही. एका पावसाच्या दडीने दोन हंगाम बुडाले. उभे खरीप दाण्यावर येण्याच्या वेळी करपले आणि रब्बीसाठी जमिनीत ओलच राहिली नाही. पुढच्या वर्षीही तीच तऱ्हा. जूनमध्ये पेरते झाले, मग दीर्घ उघडीप, आणि पाऊस परतला तो सप्टेंबरात. तोवर घरातले बी पेरून संपलेले, गोठे रिकामे झालेले. बेळगावला तेव्हा रेल्वे नव्हती. सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली ती दुष्काळानंतर, १८८२ साली. वेंगुर्ल्याच्या बंदरातून धान्य घाटावर आणायचे तर बैल हवेत, आणि बैलांना चारा हवा. चाराच नव्हता. शेजारच्या कलादगी जिल्ह्याची, म्हणजे आजच्या विजापूर-बागलकोट भागाची लोकसंख्या १८७२ आणि १८८१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. हा सारा भाग पाठ्यपुस्तकांतून येतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पाऊस कोणत्या नक्षत्रात चुकला, हे मात्र पुस्तकात येत नाही.

हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, म्हणजे दुष्काळाच्या आदल्याच वर्षाची. इंच मोजण्याची सरकारी व्यवस्था नुकती कुठे उभी राहत होती. शेतकरी मात्र कितीतरी आधीपासून पाऊस दिवसांनी मोजत आला आहे. मृगापासून स्वातीपर्यंत तेरा-चौदा दिवसांचे एकेक नक्षत्र, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले. आपल्याकडे तर हे पंचांग दोन्ही भाषांत एकच चालते. आपण खरीप-रब्बी म्हणतो, शेजारचा बसाप्पा मुंगारी-हिंगारी म्हणतो. आपला पूर्वाचा पाऊस त्याचा 'हुब्बी मळे' होतो, चित्राचा 'चित्ती मळे' होतो. बांध एक, ढग एक, काळजीही एकच. १७९१-९२ च्या भीषण दुष्काळाला 'डोजी बर' असे नाव पडले. 'बर' हा कानडीतला दुष्काळ. माणसांच्या कवट्या रानोमाळ पडल्या होत्या म्हणून हे नाव. त्या वेळी या मुलखातल्या कितीतरी भागावर पटवर्धनांसारख्या मराठी सरदारांचा अंमल होता. राज्य मराठी, दुष्काळाचे नाव कानडी!

आता उघडीप नेमके काय करते, ते आमच्या गावच्या रानातूनच पाहू. आमचे मूळ गाव चिकोडी तालुक्यातले, नदीपासून लांब, कोरडवाहू. भुईमुगाला फुले आल्यावर त्याच्या आऱ्या जमिनीत शिरायला हव्यात. त्या पंधरवड्यात पाऊस ओढला की वरची माती टणक होते, आऱ्या बाहेरच वाळतात. वेल हिरवागार दिसतो, उपटला तर शेंगा चार. खानापूरकडे भात धुळवाफेवर कुरीने पेरतात. जुलैत तुंबलेल्या पाण्यातून ते तगते, पण लोंबी बाहेर पडताना आठ-दहा दिवसांची ताण बसली तर दाणे पोचट. सोयाबीनचे तर दोन्हीकडून मरण : फुलोऱ्यात पाऊस नाही तर शेंग भरत नाही, आणि काढणीला आला तर शेंगेतच मोड येतात. शाळूचा न्याय आणखी निराळा. तो उभ्या पावसावर वाढतच नाही. काळ्या रानाने हस्ताचा पाऊस पोटात साठवायचा आणि शाळूने थंडीत, दवाच्या साथीने, तो थोडा थोडा प्यायचा. म्हणून जून-जुलैत कितीही ओतले तरी हस्त कोरडा गेला की शाळू गेला. कुळवणी-कोळपणी करून भेगा बुजवायच्या, ओल धरायची, एवढेच माणसाच्या हाती. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी कर्नाटकात दोनशेहून अधिक तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, याच जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा गावांत शिरल्या होत्या.

हे सगळे मी गॅझेटियरात शोधत बसलो, पण उत्तर आमच्या माळ्यावर होते. वडिलांची वही. १९६५ पासून प्रत्येक नक्षत्रापुढे त्यांनी दोन-चार शब्द लिहिले आहेत : 'मृग बरा', 'पुष्यात झड', 'मघा कोरड्या'. इंच कुठेच नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या चुलतभावाचा भुईमूग ऐन आऱ्यांच्या वेळी चोवीस दिवसांच्या उघडिपीत गेला. तो भरपाईसाठी एका कचेरीत गेला, तर उत्तर मिळाले, की तालुक्याचा एकूण पाऊस सरासरीइतका आहे, नुकसान कसले? पर्जन्यमापक होता तालुक्याच्या गावी, रान तिथून सोळा मैलांवर. त्याने माझ्याकडून वडिलांची वही नेली. पुढे चालू असलेल्या तिच्या पानांवर त्याच्याच हाताने चोवीस दिवस कोरडे मांडलेले होते. साहेबांनी वही चाळली आणि हा दस्तऐवज होत नाही म्हणून परत केली. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ-पुस्तिकेत सलग तीन-चार आठवडे नेहमीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तर तो खंड विचारात घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. हे मला नंतर कळले. तेव्हा कळले असते तर मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो असतो. पुढच्या साली त्याने त्या रानातला दीड एकर विकला.

वही परत आली तेव्हा मी १९७२ चे पान काढून पाहिले. मृगापुढे 'थोडा', आर्द्रापुढे 'थोडा', मग खाली ओळीने 'नाही'. हस्तापुढे 'नाही' देखील लिहिलेले नव्हते. तिथे फक्त एवढेच होते : 'सोन्या आणि राजा, दोन्ही बैल संकेश्वरच्या बाजारात दिले.'