बॅकलिंकचं पॅकेज घेण्याआधी एवढा इतिहास वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांचं दुकान आहे, क्लास आहे, नर्सरी आहे, मंगल कार्यालय आहे आणि ज्यांनी वेबसाइट काढून त्यावर ब्लॉग लिहायला सुरुवात केलीय, त्यांनी वेळ काढून वाचा.

सध्या तालुक्याच्या बाजारपेठांत एक पॅकेज फिरतंय. महिन्याला पाचशे बॅकलिंक, तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या पानाकडे येणारी लिंक. आणि याच धंद्याचं दुसरं टोक आमच्यासारख्या स्थानिक पोर्टलवाल्यांच्या मेलबॉक्समध्ये येतं. आमचा लेख छापा, त्यात अमुक लिंक ठेवा, वर ‘जाहिरात’ असं लिहू नका, पैसे लगेच पाठवतो. म्हणजे एका बाजूला व्यापाऱ्याचा खिसा आणि दुसऱ्या बाजूला पेपरचं नाव, दोन्ही यात अडकलंय.

आता मुळात लिंकेला एवढी किंमत आली कुठून?

वेब नवीन होतं तेव्हा सर्च इंजिनं पानावरचे शब्द बघायची. अल्टाव्हिस्टा १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालं, त्या काळातलं सगळ्यात दणकट. पण शब्द बघून नंबर लावायचा म्हटलं की लबाडी सोपी. एकच शब्द शंभरदा लिहायचा, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतं. याहूने उलटा रस्ता धरला होता, माणसं बसवून साइट्सची वर्गवार यादी करायची. पण वेब इतकं फुगलं की माणसं पुरेनात.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी वेगळा विचार केला. विद्यापीठात शोधनिबंधाचं वजन कसं ठरतं? त्याचा दाखला इतर किती निबंधांनी दिला यावरून. युजीन गारफिल्ड नावाच्या माणसाने १९६४ मध्ये अशा दाखल्यांची मोठी सूचीच छापायला सुरुवात केली होती. पेज आणि ब्रिनने तेच गणित वेबला लावलं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याने त्याची शिफारस केली. आणि शिफारस करणाऱ्याचं स्वतःचं वजन जितकं, तितकं शिफारशीचं वजन. आपल्याकडे गल्लीतल्या पोराने दिलेला दाखला आणि तहसीलदाराचा दाखला यात फरक असतो ना, तसंच. त्या प्रकल्पाचं पहिलं नाव ‘बॅकरब’, मागून येणाऱ्या लिंका तपासतो म्हणून. गणिताचं नाव पेजरँक. (साधारण याच सुमारास रॉबिन ली यांनीही लिंकांवर चालणारं सर्च बनवलं होतं, ज्यांनी पुढे चीनमध्ये बायडू काढलं. म्हणजे कल्पना हवेत होती.) सप्टेंबर १९९८ मध्ये गुगल कंपनी झाली. पेजरँकचं पेटंट मात्र स्टॅनफर्डच्या नावावर. त्या बदल्यात मिळालेले शेअर विद्यापीठाने विकले, त्याचे सुमारे ३३.६ कोटी डॉलर झाले.

कल्पना खरंच सुंदर होती. तिची सगळी ताकद एका गोष्टीत होती, ती म्हणजे लिंक देणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ नसतो. लोक आवडलं म्हणून लिंक द्यायचे. आणि नेमकं हेच गुगल यशस्वी झाल्यावर संपलं.

डिसेंबर २००० मध्ये गुगलने एक टूलबार दिला. त्यात कुठलंही पान उघडलं की शून्य ते दहा असे त्याचे पेजरँक गुण दिसायचे. झालं! ज्या गोष्टीला आकडा येतो तिला भाव येतो. सातवाल्या साइटवरची लिंक महाग, तीनवालीची स्वस्त. बाजार समितीत मालाची प्रत बघून बोली लागते तसं.

पहिली मोठी कोर्टकचेरी २००२ ची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या सर्चकिंग नावाच्या छोट्या कंपनीने अशा लिंकांची उघड दलाली सुरू केली. गुगलने तिचे गुण उतरवले. कंपनी कोर्टात गेली. मे २००३ मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला. पेजरँक हे गुगलचं मत आहे, आणि मत मांडायचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय, असा त्या निकालाचा अर्थ. हा निकाल अमेरिकेतला, आपल्या कोर्टांना बांधील नाही. पण गुगल कुठल्या भूमिकेवर उभं आहे ते त्यातून कळतं. उद्या तुमची साइट खाली गेली तर ‘माझा हक्क गेला’ म्हणून दाद मागायला सोपा दरवाजा नाही. पॅकेज विकणारा पोरगा हे सांगत नाही.

पुढची दहा वर्षं चोर-पोलीस. लोक दुसऱ्यांच्या ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांत लिंका टाकायला लागले, तर जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेली लिंक शिफारशीत धरायची नाही, असं ठरलं. लिंकांची फौज काय करू शकते त्याचा राजकीय तमाशाही झाला. २००३ पासून ‘मिझरेबल फेल्युअर’, म्हणजे दारुण अपयश, असं शोधलं की जॉर्ज बुश यांचं अधिकृत चरित्र वर यायचं, कारण असंख्य लोकांनी ठरवून तशा लिंका दिल्या होत्या. २००७ मध्ये गुगलने ते बंद केलं.

फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या मोठ्या दुकान साखळीचं प्रकरण काढलं. कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, पेनी वर. सॅमसोनाइटची बॅग शोधली तर खुद्द सॅमसोनाइट कंपनीच्याही वर पेनी! कारण घोरण्यावरच्या, बाथरूमच्या टाइल्सवरच्या, कशाकशाच्या हजारो साइट्सवर पेनीच्या लिंका पेरलेल्या. गुगलने हात उगारला आणि त्या बॅगेच्या शोधात पेनी दोन तासांत पहिल्यावरून एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. आम्हाला काहीच माहीत नव्हतं, असं कंपनीने सांगितलं आणि एसईओचं काम करणाऱ्या फर्मला काढून टाकलं. पेनी मोठी, ती सावरली. पण एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला, तेव्हा जगभरातल्या छोट्या धंदेवाल्यांच्या साइट्स एका रात्रीत गायब झाल्या. त्यातल्या अनेकांनी फक्त कुणा एजंटाला पैसे दिले होते, तो काय करतो हे विचारलं नव्हतं. मग उलटा धंदा सुरू झाला. लिंक लावायचे पैसे घेणारेच लिंक काढायचेही पैसे मागू लागले.

आता आमच्या जातीचं प्रकरण, पत्रकारांचं. फेब्रुवारी २०१३, ब्रिटन. इंटरफ्लोरा ही फुलं पोचवणारी जुनी कंपनी. तिने तिथल्या प्रादेशिक, गावोगावच्या पेपरांच्या वेबसाइट्सवर लेखवजा जाहिराती दिल्या, प्रत्येकीत आपल्या साइटकडे लिंका. व्हॅलेंटाइन डे झाला आणि आठवड्याभरात इंटरफ्लोरा गुगलवर तिच्या स्वतःच्या नावानेही सापडेना. ब्रिटनमधला मदर्स डे जवळ आलेला, फुलांचा ऐन हंगाम. कंपनीने धावपळ करून लिंका काढून घेतल्या, तेव्हा मार्चच्या सुरुवातीला ती परत दिसू लागली. पण त्या पेपरांचं काय? त्यांचेही गुण उतरवले गेले. गुगलने नावं घेतली नाहीत, फक्त पैसे घेऊन लिंका विकू नका अशी जाहीर आठवण करून दिली. त्या छोट्या पेपरांना एका जाहिरातीमागे मिळून मिळून किती मिळाले असतील? आणि गेलं काय, तर वर्षानुवर्षं खऱ्या बातम्या देऊन कमावलेलं वजन.

हे वाचताना मला २००९ ची आपली विधानसभा निवडणूक आठवल्याशिवाय राहत नाही. पेड न्यूजची तेव्हाची पानं आठवा. उमेदवाराची स्तुती बातमी म्हणून छापलेली, ‘जाहिरात’ हा शब्द कुठेच नाही. प्रेस कौन्सिलच्या समितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. लिंकेचा सौदाही तोच आहे. तेव्हा मतदाराला फसवायचं होतं, आता मशीनला. दोन्हीकडे विकली जाते ती पेपरची साक्ष. पंचनाम्यावर सही करायला ठरलेले पंच असतात, पैसे दिले की कुठल्याही जागेवर हजर, तसे काही पोर्टल झालेत. जाहिरात घेण्यात पाप नाही, आम्हीही घेतो, पेपर त्यावरच चालतो. वर ‘जाहिरात’ लिहा आणि लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावा, ती सोय गुगलनेच २०१९ मध्ये दिलीय. पण नेमकी हीच खूण नको, असं मेलवाले म्हणतात. कारण खूण लागली की शिफारस म्हणून किंमत शून्य.

आजची स्थिती अशी की बहुतेक वेळा गुगल शिक्षासुद्धा करत बसत नाही. २०१६ पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेतच सामावलाय, आणि डिसेंबर २०२२ पासून विकतच्या लिंका ओळखून त्या नुसत्या हिशेबातून वगळायचं काम मशीन करतं. म्हणजे तुमचे पाचशे बॅकलिंक बहुधा मोजलेच जात नाहीत. नुकसान दिसत नाही म्हणून व्यापारी पुढच्या महिन्याचेही पैसे भरतो. बरं, गुगल काही साधू नाही. १९९८ च्या निबंधात याच दोघांनी लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच. दोन वर्षांत त्यांनी स्वतः जाहिराती सुरू केल्या. आज पहिल्या पानावर सगळ्यात वरची जागा गुगलकडूनच विकत मिळते, फक्त तिथे ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं.

तर दुकानदार मंडळी, पॅकेजवाला आला तर त्याच्याकडे एक गोष्ट लेखी मागा. गेल्या महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला जे पाचशे बॅकलिंक दिले, त्या साइट्सची यादी. त्यातल्या दहा उघडून बघा. ठिबकच्या दुकानाची लिंक परदेशी जुगाराच्या पानावर दिसली तर चहा पाजा आणि निरोप द्या. ते पैसे ब्लॉगवरच घाला. कुठल्या मातीला कुठलं ठिबक, किती वर्षं टिकतं, दुरुस्तीला किती लागतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? ज्या कंपनीचा माल विकता तिच्या वितरकांच्या यादीत तुमच्या साइटचा पत्ता आहे का बघा. व्यापारी संघटनेच्या पानावर, कृषी प्रदर्शनाच्या यादीत आहे का बघा. या लिंका फुकट आहेत आणि खऱ्या आहेत.

आणि पोर्टल चालवणाऱ्या मित्रांनो, तसले मेल तुम्हालाही येत असतील. दर काय सांगतात ते कमेंटमध्ये लिहा, नावं नकोत.