लव्हाळ्याची वीण, नदीचे नाते

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरे नदीचा मुखाकडील काठ आणि लगतचे कूराँग हे खाऱ्या पाण्याचे सरोवर ही नगारिंजेरी या मूलनिवासी समाजाची भूमी. इव्हॉन कूलमाट्री (जन्म १९४४) या समाजातील ख्यातनाम विणकर. विणकाम म्हटले की आपल्याला माग आठवतो. येथे मागच नाही. नदीकाठच्या लव्हाळ्याची जुडी करायची आणि एका काडीने ती गुंडाळत आधीच्या वेढ्याला टाचत जायचे. वेढ्यावर वेढा चढतो आणि टोपली, चटई किंवा वाम मासा पकडण्याचा सापळा आकार घेतो.

गोऱ्यांच्या वसाहतीनंतर ही विद्या जाणणारे हात मोजकेच उरले होते. त्यांपैकी डोरोथी कार्टिन्येरी यांच्याकडून कूलमाट्री १९८२ मध्ये ती शिकल्या. अवघ्या पंधरा वर्षांत, १९९७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, एमिली काम एन्ग्वारे आणि ज्युडी वॉटसन यांच्यासह त्यांनी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले. २०१६ मध्ये त्यांना 'रेड ऑकर' पुरस्कार मिळाला. कलादालने त्यांच्या सापळ्यांना शिल्प म्हणतात, ते योग्यच; परंतु त्यांची घडण आजही माशाच्या वाटेनुसारच ठरलेली आहे.

खरी अडचण लव्हाळ्याची. बंधारे, शेती आणि वाढती क्षारता यांनी तो काठावरून हटत गेला आणि जुडीभर काड्यांसाठी विणकरांना दूरवर भटकावे लागले.