धीरुभाई वायुक्षेत्र (केजी-डी६)

आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ, बंगालच्या उपसागरातील खोल पाण्यातले नैसर्गिक वायुक्षेत्र. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला हा साठा रिलायन्सला २००२ मध्ये सापडला. उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले.

एवढ्या खोलीवर पाणबुडे उतरू शकत नाहीत. विहिरींच्या तोंडावरील झडपांची जोडणी जहाजावरून चालवलेली यंत्रे करतात. तळाशी थंडी आणि दाब इतका, की वायू व पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ बनतो आणि नळ तुंबतो. म्हणून नळांत ग्लायकॉल सोडत राहावे लागते. गाडीमोगा येथे वायू किनाऱ्याला लागतो.

२०१० नंतर विहिरींत पाणी व वाळू शिरली, उत्पादन झपाट्याने घसरले. खोल समुद्रातील साठ्याचा अंदाज किती बेभरवशाचा असतो, ते इथे लख्ख दिसले. बीपी या तेल कंपनीच्या भागीदारीत डिसेंबर २०२० मध्ये दोन हजार मीटरहून खोल पाण्यातील आर-क्लस्टर या साठ्यातून उत्पादन सुरू झाले, तेव्हा कुठे क्षेत्राने पुन्हा उभारी धरली.