जुन्या नगरची बांधणी

शहराचा इतिहास म्हणजे त्याच्या राजांचा इतिहास, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. अहमदनगरच्या बाबतींत ती विशेषच दृढ दिसते. निजामशाहीचा उदयास्त, चांदबिबीचें शौर्य आणि १९४२ ते १९४५ या काळांतील राष्ट्रीय पुढाऱ्यांचा किल्ल्यांतील बंदिवास, एवढें सांगितलें म्हणजे नगरचा इतिहास संपला असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्या शहराचा राजधानीचा मान १६०० सालीं गेला व ज्याचें राजघराणें १६३६ सालीं नामशेष झालें, तें शहर पुढें पावणेचारशेंहून अधिक वर्षें कशाच्या बळावर नांदत राहिलें, हा प्रश्न आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. २०२४ सालीं शहराचें नांव सरकारी दप्तरांत अहिल्यानगर असें झालें. नांव बदललें, तशी जुन्या पेठांची घडणहि आज बदलूं लागली आहे. वाडे पडत आहेत व त्यांच्या जागीं नव्या इमारती उठत आहेत. तेव्हां हा प्रश्न आतां केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाहीं.

मलिक अहमदानें २८ मे १४९० रोजीं बहामनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला आणि १४९४ सालीं त्याच परिसरांत, सीना नदीच्या डाव्या कांठीं, नव्या शहराचा पाया घातला. जागेची निवड हिशेबानें झाली होती. जुन्नर हें त्याचें मूळ ठाणें; दौलताबाद घेण्याची त्याची आकांक्षा; नगरची जागा या दोहोंच्या मध्यावर. शहर अल्पावधींतच बगदाद व कैरो यांच्या तोडीचें झालें, असें फेरिस्ता लिहितो. या इतिहासकाराचें बालपण नगरांतच गेलें असल्यानें त्याच्या लिहिण्यांत ममत्वाचा अंश असणें स्वाभाविक आहे. पण अतिशयोक्ति वजा घातली तरी शहर झपाट्यानें भरलें, एवढें खरें मानावयास हरकत नाहीं.

लढाईच्या सोयीची जागा वस्तीच्या सोयीची असतेच असें नाहीं. नगरचा मुलूख पर्जन्यछायेंतला. सीना उन्हाळ्यांत कोरडी पडणारी. अशा ठिकाणीं हजारों माणसें राहावयाचीं तर प्रथम पाणी पाहिजे. निजामशाहीच्या कारागिरांनीं तें कापूरवाडी, शेंडी, वडगांव, भिंगार अशा भोंवतालच्या उंच भागांतून आणलें. भाजलेल्या मातीचे खापरी नळ चुन्याच्या बांधकामांत बसवून ते जमिनीखालून शहरापर्यंत नेले, आणि केवळ उताराच्या जोरावर पाणी हौदांत सोडलें. यंत्र नाहीं, इंधन नाहीं. जमिनीच्या चढउताराचें बारीक ज्ञान मात्र हवें. निजामशाहीचा थोर वजीर मलिक अंबर यानें १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचें औरंगाबाद, वसविली व तेथें नहर खेळविली. त्या वेळीं नगरचे नळ त्याच्या डोळ्यांपुढें असले पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

पाण्याच्या या आधारावर पेठा वसल्या. त्यांभोंवतीं हुसेन निजामशहानें १५६२ च्या सुमारास तट घातला. आज त्या तटाच्या वेशींपैकीं दिल्ली दरवाजा व माळीवाड्याची वेस ठळकपणें उभ्या आहेत. माळीवाडा, तोफखाना, कापडबाजार हीं नांवेंच वस्तीचे धंदे सांगतात. या पेठांतील घराची रचना वाचकांच्या परिचयाची आहे. रस्त्याच्या तोंडाशीं ओटा व दुकान, मागें चौक, चौकाभोंवतीं किंवा माडीवर बिऱ्हाड. साळी, कोष्टी व पद्मसाळी यांच्या घरांत तर मागच घरांत असे. बाप ठोका मारी, आई कांड्या भरी, मूल जवळच खेळे. आणि विणलेलें लुगडें विकावयास चार गल्ल्या ओलांडल्या कीं बाजार. राहणें, कमावणें, पूजा-नमाज आणि पाणी भरणें हीं सर्व कामें चालत्या पायांच्या टप्प्यांत होतीं. आजचे नगररचनाकार ज्याला संमिश्र वापराची वस्ती म्हणतात ती हीच.

या रचनेची खरी कसोटी राज्यें गेल्यावर लागली. नगर मोंगलांकडे गेलें, १७५९ सालीं पेशव्यांकडे आलें, पुढें शिंद्यांकडे व १८०३ सालीं इंग्रजांकडे गेलें. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हां स्टेशन तटापासून दूर दक्षिणेस पडलें. तरीहि बाजार पेठांतच राहिला, कारण गिऱ्हाईक तेथेंच राहत होतें.

याच्या उलट शहराबाहेरील फराहबागेची गति पाहा. १५८३ सालीं सलाबतखानानें पुरा केलेला हा महाल तलावाच्या मध्यभागीं उभा आहे. त्यासाठींहि पाणी दुरून आणलें होतें, आणि बांधणीची भव्यता तर पेठांतील कोणत्याहि वाड्यास लाजविणारी. आज तेथें ओसाडी आहे. उत्तरेकडील हश्त-बिहिश्त बागेचीहि तीच दशा. या वास्तूंचा उपयोग एकच, विलास. आणि पोशिंदा एकच, दरबार. दरबार उठला त्या दिवसापासून त्यांच्या नळांतला गाळ काढावयास कोणी उरला नाहीं. पेठेंतल्या हौदाला मात्र अनेक धनी होते.

येथें आम्हीं एका दोषाकडे डोळेझांक करूं नये. जुनी पेठ म्हणजे कांहीं नंदनवन नव्हतें. गल्ल्या अरुंद, गटारें उघडीं, माजघरांत उजेड नाहीं. धंद्याबरोबर वस्तीहि जातवार वांटलेली, आणि कांहीं लोकांस तर पाण्यालाहि शिवूं न देणारी. १८९६ नंतर प्लेगनें दक्षिणेंतील शहरांना याची जबर किंमत द्यावयास लावली. पेठा आहेत तशा जपाव्या, असें म्हणणारा मनुष्य त्यांत कधीं राहिलेला नसावा.

पण रोग्याला बरें करण्यासाठीं त्याला मारावें लागत नाहीं. १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व समाजशास्त्र यांचे अध्यापक असलेले पॅट्रिक गेडीज यांनीं हिंदुस्थानांतील अनेक शहरें पायीं हिंडून पाहिलीं व एक सौम्य शस्त्रक्रिया सुचविली. जुन्या वस्तींतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठीं शेंकडों घरें पाडूं नयेत. अगदीं मोडकळीस आलेलीं तेवढीं काढावीं, त्या जागीं छोटा चौक मोकळा करावा, झाड लावावें, विहिरी व तळीं बुजविण्याऐवजीं स्वच्छ करावीं. खर्च कमी, आणि माणसें आपापल्या जागीं राहतात.

नगरला हा उपाय विशेष लागू आहे. येथें १८५४ पासून नगरपालिका होती व २००३ पासून महानगरपालिका आहे. नव्या नळांचें पाणी घरोघर आलें तसे खापरी नळ विस्मृतींत गेले. आज कोठें पाया खणतांना भाजलेल्या मातीचा नळ लागला, तर तो मोडणाऱ्या मजुराला आपण काय मोडलें हें कळावें तरी कसें? म्हणून आमची सूचना अशी कीं, पेठेंत नव्या इमारतीला परवानगी देण्यापूर्वीं त्या जागेंतील विहीर, हौद व नळ यांची नोंद व्हावी, आणि नव्या छपराचें पावसाचें पाणी त्याच विहिरींत उतरावें. खालीं दुकान व वर बिऱ्हाड ही जोडी तोडूं नये. पूर्वीचा दुकानदार, विणकर, कासार व त्यांचे भाडेकरी यांस नव्या इमारतींत परवडेल अशी जागा मिळावी. आणि पूर्वीं ज्यांना वेशीबाहेर ठेवलें त्यांना या खेपेस आंत जागा असावी.

हें न झालें तर पेठांच्या जागीं मोठमोठ्या इमारती उभ्या राहतील, त्या देखण्याहि असतील. फराहबागहि देखणी होती. नगरला येणाऱ्या पाहुण्यांस आम्ही तो महाल अवश्य दाखवावा; पण परततांना त्यांस कापडबाजारांतून आणावें, आणि दोहोंपैकीं टिकलें कोणतें, हें त्यांनाच विचारावें.