बिडकीनमध्ये उन्हाळी साइट ट्रेनिंग: सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी काय बघावं, काय विचारावं?

परीक्षा संपत आली की सिव्हिलच्या विद्यार्थ्यांची धावपळ सुरू होते, ट्रेनिंगसाठी साइट कुठे मिळेल? छत्रपती संभाजीनगरच्या मुलामुलींसाठी एक उत्तर शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर, पैठण रस्त्यावर आहे: बिडकीन.

बिडकीनच का?

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधल्या 'ऑरिक' या औद्योगिक शहराचे दोन भाग आहेत, शेंद्रा आणि बिडकीन. बिडकीनचं क्षेत्र 7,855 एकर. 29 सप्टेंबर 2024 रोजी त्याचं लोकार्पण झालं. रस्ते, जलवाहिन्या, मलनिस्सारण, कारखान्यांचा पाया आणि शेड अशी वेगवेगळी कामं एकाच परिसरात बघायला मिळण्याची संधी इथे आहे.

किती दिवसांचं ट्रेनिंग घ्यावं?

एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात पदवीसाठी एकूण 600 ते 700 तास सुचवले आहेत. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी बघा. पण साइटचं स्वतःचंही एक गणित आहे. काँक्रीट ओतताना 150 मिलिमीटरचे क्यूब भरतात. काही 7 दिवसांनी, तर काही 28 दिवसांनी मशीनमध्ये फोडून ताकद तपासतात. एम25 काँक्रीटमधला '25' हा आकडा 28 दिवसांनंतरच्या ताकदीचा असतो. म्हणजे दोन आठवड्यांत परतलात तर स्वतः भरलेल्या क्यूबचं काय झालं, हे कळणारच नाही. सहा आठवडे थांबलात तर कळेल.

उन्हाळा काय शिकवतो?

आयएस 456 नुसार कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस क्युरिंग हवं. काँक्रीट ओततानाचं त्याचं तापमान 40 अंशांच्या आत ठेवावं लागतं. मे महिन्यात मराठवाड्यात हवाच 40 अंशांच्या पुढे जाते. मिश्रण पटकन घट्ट होतं आणि 'थोडं पाणी मारा' असा आवाज येतो. ते जास्तीचं पाणी ताकद कमी करतं. मोठे स्लॅब पहाटे किंवा रात्री का भरतात आणि गोणपाट ओलं का ठेवतात, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं.

दुसरा धडा काळ्या मातीचा. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगा दिसतात, म्हणून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत का नेतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

रुजू होण्याआधी काय विचाराल?

- माझा मार्गदर्शक इंजिनिअर कोण? त्याचं नाव पत्रात आहे का?
- हेल्मेट, सेफ्टी शूज आणि पहिल्या दिवसाची सुरक्षा माहिती मिळेल का?
- अपघात विमा कोण काढणार: कॉलेज की कंपनी?
- विद्यावेतन आहे का? नसेल तर येण्याजाण्याची सोय?
- पिण्याचं पाणी, सावली आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का?

अर्ज कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागामार्फत, कॉलेजच्या पत्रासह करा. परवानगीशिवाय साइटवर शिरू नका. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार लावलेला नसेल तर कुणीही सांगितलं तरी उतरू नका. तुम्ही तिथे शिकायला आला आहात. 'नाही' म्हणायला संकोच करू नका.

नुसतं सर्टिफिकेट मिळालं तर?

ओळखीने, साइटवर न जाता सर्टिफिकेट मिळवण्याचा मोह होतो. तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत 'कव्हर ब्लॉक किती मिलिमीटरचा लावला होता?' एवढ्या एका प्रश्नात ते उघडं पडतं. खरा तोटा मात्र पुढे होतो. उद्या तुमच्या सहीवर सेंट्रिंग काढलं जाणार असतं.

म्हणून रोज डायरी लिहा: तारीख, काम, मोजमाप, किती सळई बांधली, काय चुकलं आणि मिस्त्रीने ते कसं सुधारलं. मिस्त्रींना, मुकादमांना प्रश्न विचारा, लाजू नका. सहा आठवड्यांनी ती डायरी सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगी पडेल.