धूळ कुणाची, धूर कुणाचा?

२३ जानेवारी २०२२. रविवार होता. एरवी जानेवारीत लोणावळ्याची हवा इतकी स्वच्छ असते की खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून दरीपलीकडचा किल्ला स्पष्ट दिसतो. त्या दिवशी मात्र समोरचा डोंगरही दिसेना. धुकं म्हणावं तर हवा कोरडी होती. बाजारपेठेत उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढुरका, पिठासारखा थर साचला होता.

दुपारी माझा एक वर्गमित्र दुकानात आला. मोबाइलवर बातमी होती, ‘पाकिस्तानातून आलेलं धुळीचं वादळ’. काउंटरवर बोट फिरवत तो हसून म्हणाला, “तुमच्याकडची धूळ आली रे, आता तूच पूस.” मीही हसलो. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो आहोत, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरीही ‘तुमच्याकडची’ हा शब्द रात्रीपर्यंत डोक्यातून गेला नाही. आमची चौथी पिढी या मावळात नांदते आहे. मग म्हटलं, ही धूळ खरंच कुणाकडची, ते एकदा बघूच.

नासाची रोजची उपग्रहचित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. मी आदल्या दिवशीचं चित्र उघडलं. कराचीच्या किनाऱ्याकडून निघालेला मातकट पट्टा अरबी समुद्रावरून गुजरात आणि कोकणाच्या दिशेने पसरला होता. पश्चिमी विक्षोभामुळे तिकडे जोराचे वारे सुटले, सुकी माती उचलली गेली आणि समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. मुंबईत त्या रविवारी ऊन इतकं अडलं, वारा इतका गार होता की दिवसाचं तापमान २४ अंशांच्या आसपासच राहिलं. म्हणजे बातमी खोटी नव्हती. पण ती अर्धीच होती.

धूळ आणि धूर असा आकाशातून पाहता येणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरातल्या त्या इमारतीला लोक आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. त्या काळी वेधशाळेतला माणूस किती अंतरावरचं दिसतं ते पाहून वहीत नोंद करायचा. पण ही धूळ उठली कुठून, हे एका जागी उभं राहून कसं कळणार?

१ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला हवामान उपग्रह उडाला आणि ढग वरून दिसू लागले. १९७८ मध्ये निम्बस-७ गेला. त्यावरचं एक यंत्र ओझोन मोजण्यासाठी होतं. पुढे १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की, त्याच्या अतिनील किरणांच्या नोंदींमध्ये धूळ आणि धूरही उमटले आहेत. मग १९९९ मध्ये टेरा आणि २००२ मध्ये अ‍ॅक्वा हे उपग्रह आले. २०१३ पासून आपला इन्सॅट-३डी विषुववृत्तावर एकाच जागी राहून दर अर्ध्या तासाला आपल्या भागाचं चित्र पाठवू लागला.

उपग्रह धूळ आणि धूर वेगळे कसे ओळखतो? धुराचे कण बारीक असतात, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुळीचे कण मोठे असतात आणि उष्णतेचे किरण वेगळ्या पद्धतीने शोषतात, त्यामुळे ढगांपासूनही त्यांना निराळं काढता येतं. पेटलेली आग तर चार मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांत लख्ख चमकते. नकाशावर तिचा लाल ठिपका उमटतो.

आता ती ‘तिकडची’ माती. सिंधच्या मैदानातली माती मुळात सिंधू नदीने आणलेली. ही नदी कैलासाच्या परिसरात उगम पावते, आपल्या लडाखमधून वाहते आणि हिमालयाचा दगड दळत दळत खाली नेते. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने हे ओळखलं होतं. डोंगराजवळ नदीतले दगड मोठे असतात, दूर जावं तसे लहान होत जातात, आणि मुखाजवळ नुसती वाळू उरते, हे पाहून त्याने ‘किताब-उल-हिंद’मध्ये लिहिलं की, हिंदुस्थानचं हे मैदान एके काळी समुद्र असावं आणि नद्यांच्या गाळाने भरलं असावं. त्या मातीवर आज कुठल्याही देशाचं नाव असो, तिच्यात लडाखचा दगड आहे.

वाराही नेहमी एकाच बाजूने वाहत नाही. हिवाळ्यात तो बहुतेकदा जमिनीवरून समुद्राकडे जातो. १९९९च्या जानेवारी ते मार्च या काळात ‘इंडोएक्स’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुत्झन हे तिचे प्रमुख. उपग्रह, विमानं आणि जहाजांच्या मदतीने त्यांना दिसलं की, दक्षिण आशियातल्या चुली, गाड्या आणि कारखान्यांचा तपकिरी धूर हिंदी महासागरावर दूरवर पसरतो. त्या धुराला तिकडच्या लोकांनी कुणाचा म्हणायचं?

आणखी एक गंमत आहे. २०१४ मध्ये व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवलं की, पावसाळ्यात अरबस्तान आणि अरबी समुद्रावर धूळ वाढली की आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. धूळ ऊन शोषते, तिथली हवा तापते आणि समुद्रावरचे बाष्पाचे वारे भारताकडे जोराने ओढले जातात. जानेवारीतल्या धुळीला हे लागू होत नाही. पण ज्या धुळीला आपण नाक मुरडतो, तिचा आपल्या पावसात असाही वाटा असतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये विसापूरच्या बाजूच्या डोंगरावर वणवा लागला. नेहमीप्रमाणे चर्चा सुरू झाली. कुणी कातकऱ्यांवर बोट ठेवलं, कुणी गुराख्यांवर, कुणी पर्यटकांच्या सिगारेटवर. एकाने हळूच आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांचंही नाव घेतलं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने अशा आगींची सूचना देते. पण ठिपका फक्त जागा आणि वेळ सांगतो, काडी कुणी ओढली ते सांगत नाही. उपग्रह डोक्यावरून जाण्याआधीच गवत जळून विझलं, तर तो ठिपकाही उमटत नाही.

त्या संध्याकाळी हिरव्या फांद्यांनी आग झोडपायला गेलेल्यांत मी होतो, मोहल्ल्यातली पोरं होती आणि माझा तो वर्गमित्रही होता. खाली उतरलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे झाले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात मी त्याला मोबाइलवर विसापूरजवळचा लाल ठिपका दाखवला.

“हा कुणाकडचा रे?” मी विचारलं.

त्याला जानेवारी आठवला असावा. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, “आपल्याकडचा.”